हजेरीत तुझ्या नावाचे किती?

वाचकांचे प्रश्न, मंगलआक्काची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, तुमचं नाव तुम्हाला आवडतं काय, नसेल आवडत तर कळवा. चार-पाच पत्रं येतील असं वाटलेलं, खरं पोस्टमननं विचारलं आक्का घरात लग्नबिग्न काढलंय काय, एवढी आली, आणि व्हॉट्सअॅपवर आली ती वेगळीच, त्यातली निम्मी व्हॉइस मेसेज, तीन तीन मिनिटांची, एकात तर मागं कुकरच्या शिट्ट्या. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार निवडलीत. बेळगावच्या बाहेरच्या वाचकांनी एक लक्षात ठेवा, आमच्याकडं "खरं" म्हणजे "पण". वाचताना गोंधळू नका.

प्रश्न: आक्का नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय २९, पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझं नाव कल्लाप्पा. गावात काय प्रॉब्लेम नव्हता, आमच्या गल्लीतच तीन कल्लाप्पा, एक आमचे आजोबा (मी जन्मायच्या आधीच वारले, त्यांचंच नाव मला ठेवलंय), एक दूधवाला आणि एक मी. पुण्यात पहिल्याच दिवशी मॅनेजरनं नाव बघून इंग्लिशमध्ये बोलायला सुरू केलं, मी म्हटलं सर मी मराठीच की, तर म्हणाला अरे वा, मराठी छान बोलतोस! आता टीममध्ये सगळे कल्लू म्हणतात आणि हिंदीवाले त्यावर खिदळतात. उलट बेंगळूर ऑफिसचा कॉल असला की तिकडचे डायरेक्ट कन्नडमध्ये सुरू होतात आणि माझं कन्नड बसच्या कंडक्टरपुरतं. घरात लग्नाचं बघूलेत, एका मुलीनं बायोडेटा बघून नाव बदलणार काय म्हणून विचारलं. कुणाल नाहीतर कार्तिक करून टाकावं म्हणतोय. घरात बोललो तर आई दोन दिवस नीट जेवली नाही. काय करू?

उत्तर: कल्लाप्पा, तुला अहोजाहो करत नाही, सदतीस वर्षं मराठी शाळेत पोरांची हजेरी घेतली, तोंडाला वळण तेच पडलंय.

तुझं पत्र वाचलं आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. माझ्याकडं एक जाडजूड वही आहे. १९८२ ला नोकरीला लागले तेव्हापासून दर जूनमध्ये पहिलीला आलेल्या पोरांची नुसती पहिली नावं मी त्यात उतरवून ठेवायची, कशासाठी ते विचारू नको, काहीजण तिकिटं जमवतात. पहिल्या पानावर बघ काय आहे: कल्लाप्पा, यल्लाप्पा, परशराम, मारुती, निंगाप्पा, परत कल्लाप्पा, भरमाण्णा, शटुप्पा, जोतिबा, परत यल्लाप्पा. पोरींत लक्ष्मी, रेणुका, शांता, तुळसा, परत रेणुका. सौंदत्तीच्या यल्लम्माची कृपा, अर्धा वर्ग तिच्या नाहीतर तिच्या लेकाच्या नावाचा. चार पानं उलटली की संतोष, संजय, सुनील जास्त दिसायला लागतात. मग एक गंमत. तेंडुलकर पहिली टेस्ट खेळला १९८९ ला, आणि सहा-सात वर्षांनी माझ्या पहिलीच्या वर्गात एकावर एक सचिन येऊन बसायला लागले. (त्या तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. म्हणजे बंगालचं नाव मुंबईवरून फिरत फिरत आमच्या कौलारू शाळेत आलं, तिकीट न काढता.) आणि २००२ च्या पानावर, म्हणजे तुझ्या वयाच्या पोरांच्या पानावर, अख्ख्या वर्गात एकच आप्पा. त्यालासुद्धा पोरं दुसऱ्याच नावानं हाक मारायची.

तुझ्या आजोबांना कधी वाटलं असेल काय आपलं नाव कसंतरीच आहे म्हणून? कसं वाटणार, जेवायला बसले तर डावीकडं यल्लाप्पा, उजवीकडं निंगाप्पा, वाढणारा पण कल्लाप्पाच. तू पंगत उठल्यावर येऊन बसलास, एवढाच फरक. आणि पंगत उठल्यावर एकटा बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो, त्याला वाटतं माझ्या कपाळावर काय चिकटलंय की काय.

रॉबर्ट झायोन्स नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या प्रयोगांबद्दल लिहिलंय. लोकांना अर्थच नसलेले शब्द दाखवले, काही एकदा-दोनदा, काही पुन्हा पुन्हा, आणि मग विचारलं की ह्या शब्दाचा अर्थ चांगला असेल की वाईट. जे शब्द जास्त वेळा नजरेखालून गेलेले त्यांचा अर्थ चांगलाच असणार असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. शब्दात काहीच नव्हतं बघ, नुसती ओळख वाढलेली. तुझ्या मॅनेजरच्या कानावर कल्लाप्पा हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा पडलाय. आणि तू काय केलंस, त्याला दुसऱ्यांदा पडूच दिला नाहीस, कल्लू करून घेतलंस. म्हणून माझं पहिलं सांगणं, उद्यापासून कल्लूला ओ द्यायची नाही. भांडायचं नाही, रुसायचं नाही, नुसतं हसून "कल्लाप्पा" म्हणायचं, दर वेळी. मेलखाली पण पूर्ण नाव. चार महिन्यांत त्यांची जीभ वळते, वेंकटरमण आणि चट्टोपाध्याय म्हणायला जमतं ना त्यांना.

आता पुण्याचं बोलायचं तर आप्पा हा शब्द पुणेकरांना परका वाटायचं काही कारण नाही. १७३९ ला वसई घेणारे बाजीरावांचे भाऊ कोण? चिमाजी आप्पा. शनिवारवाड्यात चालणारा आप्पा हिंजवडीत का चालत नाही ते मॅनेजरला एकदा चहा पिताना विचार, सहज.

आणि कल्लाप्पा म्हणजे काय हे तरी तुला माहीत आहे काय? कन्नडात कल्लू म्हणजे दगड. आमच्याकडं कुणी कलमेश्वराच्या नावानं कल्लाप्पा ठेवतात ती गोष्ट वेगळी, खरं शब्द तोच धरला तर तो आपल्या धोंडिबाचा आणि दगडूचा सख्खा चुलतभाऊ. पोर दगडासारखं टिकावं म्हणून ठेवायचे, कारण तेव्हा पोरं टिकत नव्हती. निंगाप्पामधला निंग म्हणजे लिंग, महादेवाचं. मराठी घरात कन्नड नाव हे इथं कुणाला कधी विचित्र वाटलंच नाही, भाषेचं राजकारण मागाहून आलं, नावं त्याच्या कितीतरी आधी एकमेकांच्या घरात जेवून आलेली.

एक कबूल करते, कारण ह्यात तुझी चूक नाही हे मला जास्त माहीत आहे. जर्मनीत केव्हिन नावाची लाट आलेली, १९९१ ला तिथं पोरांच्या नावांत ते एक नंबरला होतं. पुढं ते नाव "तसल्या" घरातलं मानायला लागले, आणि २००९ ला ओल्डनबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसलं की प्राथमिक शिक्षक नुसतं केव्हिन नाव वाचून पोरगं दंगेखोर आणि अभ्यासात कच्चं असणार असं धरून चालतात. हे मी वाचलं तेव्हा हातातला चहा गार झाला. कारण मी हेच केलंय. नव्या वर्षी यादीत आकाश दिसला की मनात भांग पाडलेला पोरगा यायचा, निंगाप्पा दिसला की नाक पुसत येणारा, आणि निंगाप्पाला मी न बघताच मागच्या बाकावर बसवलेलं आहे, एकदा नाही. माझं स्वतःचं माहेर आप्पा-आण्णांनी भरलेलं असताना. तेव्हा लोक नावावरून माणूस जोखत नाहीत असलं खोटं मी तुला सांगणार नाही. जोखतात. खरं निंगाप्पा गणितात पहिला यायला लागल्यावर त्याच वर्षी मी त्याला पुढं आणला, तेवढं मात्र झालं.

नाव बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. सातारा जिल्ह्यात २०११ ला २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, त्या सगळ्यांचं नाव होतं नकुशा, म्हणजे नको असलेली. ते बदलायलाच पाहिजे होतं, हाक मारणाऱ्याची जीभ झडली पाहिजे असलं नाव. आणि आमच्याच सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ जगाला कुमार गंधर्व म्हणून माहीत आहेत, त्यांना ती पदवी लहानपणीच मिळाली आणि तेच नाव झालं. तुला कुणी पदवी दिलेली नाही, तू ऑफिसात हसतात म्हणून पळ काढूलायस. कुणाल घेतोस तर घे, खरं आधी तुझ्या फ्लोअरवर कुणाल किती आहेत ते मोजून ये, मग परत तुला कुणाल के. म्हणतील आणि के. म्हणजे काय ते विचारतील. वर अफिडेव्हिट, पेपरात जाहिरात, गॅझेट, मग दहावीच्या मार्क्स कार्डापासून पॅन कार्डापर्यंत एकेका खिडकीला उभं राहायचं, कन्नडमध्ये स्पेलिंग वेगळं, इंग्लिशमध्ये वेगळं. दीड वर्ष धर.

आईचं सांगते. तू लिहिलं नाहीस, खरं पैज लावते, आई तुला घरात कल्लाप्पा म्हणून कधीच हाक मारत नाही. बाळू म्हणत असेल, नाहीतर नुसतं आप्पा. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. त्या बाईनं एकोणतीस वर्षं स्वतःच्या लेकाचं नाव तोंडातून काढलेलं नाही, आणि तू येऊन सांगतोस की ते मी टाकूलोय. दोन दिवस न जेवून तिसऱ्या दिवशी जेवली हेच खूप. गावी गेलास की तिला विचार, बारशाला कानात कुर्र करून नाव कुठल्या आत्यानं सांगितलं, पाळण्याखालून गोविंद घ्या गोपाळ घ्या करताना कोण कोण होतं. नुसतं विचार, मग ठरव.

त्या मुलीवर राग धरू नको, तिनं निदान तोंडावर विचारलं. तिला फोन कर. तिचं नाव काय आहे ते तू लिहिलंच नाहीस बघ.

प्रश्न: आक्का, मी शहापूरहून लिहितेय. माझी मुलगी सहावीत इंग्लिश मीडियमला आहे, नाव आराध्या. तिच्या वर्गात तीन आराध्या आणि शेजारच्या तुकडीत अजून दोन. टीचर आराध्या एम., आराध्या पी., आराध्या के. म्हणतात. परवा घरी पाहुणे आले, त्यांनी नाव विचारलं तर म्हणाली आराध्या एम., आडनाव नाही काही नाही. मग रात्री रडली, म्हणाली मम्मी तू सगळ्यांसारखंच नाव का ठेवलंस, मला कायरा ठेव. आम्ही तर तेव्हा खूप शोधून ठेवलं होतं हो, आमच्या ओळखीत एकही आराध्या नव्हती!

उत्तर: अगं, नव्हतीच. हेच तर होतं. २०११ च्या नोव्हेंबरात बच्चनांच्या घरी मुलगी झाली, पुढच्या वर्षी नाव कळलं, आणि देशभर हजारो आयांनी आपापल्या घरात बसून, कुणाला न विचारता, खूप शोधून, तेच शोधून काढलं. तुमच्या ओळखीत नव्हती कारण सगळ्या आराध्या तेव्हा पाळण्यातच होत्या, दिसणार कुठून? त्या सगळ्या पाच-सहा वर्षांनी एकदम शाळेच्या गेटवर भेटतात. अमेरिकेत जेनिफर हे मुलींचं नाव १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं पहिल्या नंबरावर होतं, आणि तिथंही एकेक आईला वाटत असणार की आपण काहीतरी वेगळं ठेवलं. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅनली लिबरसन यांनी ह्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांचं म्हणणं असं की नावांची आवड कपड्यांच्या फॅशनसारखी आपली आपणच सरकते, मागं सिनेमा, पुढारी, कोण असलंच पाहिजे असं नाही, एखादा आवाज हवेत असतो आणि सगळ्यांना एकाच वेळी गोड लागतो. माझ्या वहीत सुनीता, अनिता, संगीता, कविता, सविता अशा एका ओळीत आहेत, वाचताना पाढे म्हटल्यासारखं वाटतं. आता सगळं अंश आणि आन वर चाललंय, शिवांश, रेयांश, विहान.

आता तिचं रडणं. ते मला माहीत आहे, कारण मी मंगल नंबर तीन. माझ्या वर्गात चार मंगल होत्या. थोरली मंगल, काळी मंगल, दुकानाची मंगल आणि मी, आमचं दुकान नाही, मी थोरली नाही, आणि काळी म्हणावं तर आधीच एक होती, म्हणून मास्तरांनी मला नंबरच देऊन टाकला. नावाचं दुःख नव्हतं गं, उरलेली म्हणून राहिल्याचं दुःख होतं. शेंगा खाताना पण आठवायचं.

दुसरं एक कारण आहे ते कानाचं आहे. नेव्हिल मोरे यांनी १९५९ ला प्रयोग केला, माणसाच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकाच कानाकडं लक्ष दे म्हणून सांगितलं. दुसऱ्या कानातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, खरं त्यात स्वतःचं नाव आलं तर काहीजणांना तेवढं बरोबर ऐकू गेलं. सीबीटीला, म्हणजे आमच्या बसस्टँडला, बसच्या गलक्यात पण आपलं नाव कुणी घेतलं तर मान वळते की नाही, तसंच. आता विचार करा, तुमच्या मुलीची मान दिवसातून वीस वेळा वळते आणि त्यातली पंधरा वेळा हाक तिच्यासाठी नसते. दमणार नाही तर काय होणार.

शिवाजीराव गायकवाड नावाचा बेंगळूरच्या मराठी घरातला मुलगा मद्रासला सिनेमात गेला, तर तिथं आधीच शिवाजी गणेशन एवढे मोठे की दुसरा शिवाजी चालणारच नव्हता, म्हणून दिग्दर्शक बालचंदर यांनी त्याचं नाव रजनीकांत केलं. त्याच्या नावात खोट काय होती? काही नाही, जागा भरलेली होती.

कागदावर काही बदलू नका. मैत्रिणींत हाक मारायचं एक नाव तिला स्वतःला निवडू दे, कायरा तर कायरा, आणि घरात तुम्ही पण कौतुकानं महिनाभर वापरा. महिन्यानंतर कायरा राहते का बघा, माझा अंदाज नाही राहत. आणि टीचरना जाऊन एवढं सांगा की एम. ऐवजी आडनाव लावा, अक्षर म्हणजे काय हाक झाली काय. हे तुम्ही जाऊनच सांगायला पाहिजे, डायरीत लिहून पाठवू नका.

प्रश्न: मंगलताई, मी निपाणीकडची, वय ६१. माझं माहेरचं नाव सुनीता. १९८६ ला लग्न झालं, सासरी नणंदेचं नाव पण सुनीताच, एका घरात दोन नको म्हणून ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं स्वाती लिहिलं. मला विचारलं नव्हतं. मी काही बोलले नाही, त्या वेळी कोण बोलायचं. नणंद पुढच्याच वर्षी लग्न होऊन गेली, मी स्वातीच राहिले. गेल्या वर्षी शाळेतल्या मुलींचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, त्यात पाच सुनीता आहेत. मी सहावी. कुणीतरी "सुनीता, झोपलीस काय" असं टाकलं की सहाजणी "नाही" म्हणून उत्तर देतो आणि मी एकटीच किचनमध्ये हसत बसते. प्रश्न असा आहे की बँकेच्या जुन्या पासबुकावर सुनीता आणि आधारवर स्वाती आहे, बँकवाले ऐकत नाहीत, काय करावं?

उत्तर: सुनीताबाई (मी हेच म्हणणार), लग्नाचा दाखला असेल तर त्याची कॉपी आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं नोटरीसमोर केलेलं अफिडेव्हिट घेऊन मॅनेजरलाच भेटा, काउंटरवर वाद घालू नका. लग्नाचा दाखला त्या काळी बहुतेकांनी काढलेलाच नसतो, तुमचाही नसला तर शाळा सोडल्याचा दाखला जोडा, आणि अजून काय लागतं ते मॅनेजरकडून कागदावर लिहूनच घ्या, म्हणजे चार फेऱ्या वाचतील.

बाकी तुमचं पत्र मी आमच्या हिला, म्हणजे सुनेला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली सहाजणींत हरवून कुणाला एवढा आनंद होतो काय. तिला काय कळणार, तिचं नाव लग्नात बदललं नाही, मीच बदलू दिलं नाही.

प्रश्न: आम्हाला जुलैमध्ये बाळ होणार आहे. आम्ही अनगोळला राहतो, मिस्टरांची नोकरी ट्रान्सफरची, कधी हुबळी कधी कोल्हापूर. एकदम युनिक नाव पाहिजे, गुगलवर शोधलं तरी दुसरं सापडू नये असं, मुलगा-मुलगी दोन्हीसाठी सुचवा. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं चांगलं वाटायला पाहिजे. अंकशास्त्रवाल्यांनी एक जास्तीचा ए लावायला सांगितलंय, तो लावू काय?

उत्तर: ए लावायचा असेल तर लावा, फक्त पोरगं मोठं झाल्यावर प्रत्येक खिडकीला "डबल ए" म्हणून सांगत बसेल त्याची तयारी ठेवा. पुढचं.

गुगलवर न सापडणारं नाव म्हणजे काय ते कल्लाप्पाला विचारा, तो पुण्यात रोज तेच भोगतोय. वरची आराध्यापण कधीकाळी युनिकच होती. नाव तुम्ही ठेवता खरं, त्याचं पुढं काय होणार ते तुमच्या हातात नसतं. अमेरिकेत अलेक्सा हे चांगलं चालणारं मुलींचं नाव होतं, २०१४ ला अॅमेझॉननं त्याच नावाचं बोलणारं यंत्र काढलं, आणि २०१५ नंतर पोरींना ते नाव ठेवणं झपाट्यानं कमी झालं, कोण आपल्या लेकीला दिवे बंद करायला सांगून घेईल? बिचाऱ्या आधीच्या अलेक्सांनी काय पाप केलेलं. गावांचं पण तसंच, आमच्या गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, मी पत्त्यात तसं लिहिते आणि तोंडानं बेळगाव म्हणते, दोन्ही हात दोन्ही कामं करतात. त्या तारखेवर (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस) इथं जास्त बोलत नाही, नाहीतर सदर संपायचं नाही.

दोन्ही भाषांचं मात्र तुम्ही बरोबर विचारलंत, आमच्याकडं ते बघायलाच पाहिजे. कन्नड तोंडात आपल्या गणेशचा गणेशा होतो, प्रसादचा प्रसादा, त्याला इलाज नाही, गोड लागतं ते. खरं काही मराठी नावं कन्नडात भलतीच निघतात, इथं छापता येणार नाहीत अशी. ळ-ल चा घोळ वेगळा, कल्ला तला ल जरा जड केला की कन्नडात चोर होतो. तेव्हा नाव ठरवलं की कुणाला न सांगता आधी शेजारच्या कन्नड आज्जीच्या दारात जायचं आणि ते नाव मोठ्यानं हाक मारल्यासारखं म्हणायचं. आज्जी तोंडाला पदर लावून हसली तर परत यायचं. राहुल, कार्तिक, गौरी, दीपा, विद्या असली नावं दोन्हीकडं घरच्यासारखी राहतात, राहुल द्रविड तर मराठी घरातला आणि कर्नाटकाचा, त्याला कुणी विचारलं नाही तू कुठला म्हणून. जुनी वाटतात ना तुम्हाला ही? मला वाटतं तुमचं पोर पहिलीत जाईपर्यंत वर्गात दुसरा राहुल सापडायचा नाही. माझ्या वहीत शेवटच्या पाच वर्षांत एकही नाही.

वर आणि एक परीक्षा, माझी स्वतःची. गच्चीवर उभं राहून खालच्या गल्लीत खेळणाऱ्याला ते नाव तीनदा ओरडून बोलवून बघा, जेवायला ये म्हणून. तिसऱ्या वेळी पण ओरडावंसं वाटलं तर ठेवा.

बारशाला मला बोलावणार असाल तर शनिवार धरा. रविवारी थोरल्या मंगलकडं आमची भिशी असते, काळी मंगल पण येते, आणि तिथं मी अजून तीन नंबरच आहे.